गालाच्या आतलं टपाल

बसा. खुर्चीवर, जमिनीवर, पाठ अवघडणार नाही अशा जागी. नाशिकात असाल आणि सकाळची वेळ असेल तर गंगेवर जा. (गावात गोदावरीला गोदावरी म्हणतं कोण?) रामकुंडावर गर्दी असते, सोमेश्वरच्या बाजूला काठ बऱ्यापैकी निवांत मिळतो. घरातली खिडकीही पुरे. डोळे मिटलेच पाहिजेत असं नाही.

जिभेचं टोक उजव्या गालाला आतून लावा आणि सावकाश फिरवा. मऊ आहे, ओलं आहे, थोडं उंचसखल आहे. दात एकमेकांवर टेकतात त्या रेषेत एक बारीक उंचवटा लागेल. बऱ्याच जणांना तो असतो, घाबरू नका. हे अस्तर सतत नवं होत असतं. पेशी खालच्या थरात जन्मतात, हळूहळू वर येतात आणि साधारण दोन आठवड्यांत लाळेत गळून जातात. गेल्या महिन्यात ज्यांनी गरम चहा सोसला त्या पेशी आज तुमच्या तोंडात नाहीत.

जीभ तिथेच राहू द्या. या अस्तरातली एकच पेशी मनात धरा. ती निरोगी आहे. तिच्या शेजारी दुसरी आहे, खाली रक्ताची बारीक वाहिनी आहे, आणि त्या वाहिनीतून अधूनमधून एखादी पांढरी पेशी बाहेर येऊन इथून तिथे फिरून जाते. हे सगळं आत्ता, तुम्ही वाचता वाचता चाललं आहे. घाई नाही. आधी एवढंच पाहू.

आता त्या पेशीच्या पोटात जाऊ. तिथे कप्पे असतात. त्यांतल्या एका कप्प्याची भिंत आतल्या बाजूला दबते, तिला फुगा येतो, फुगा तुटतो आणि कप्प्यात एक चिमुकला गोळा तरंगू लागतो. मग दुसरा, तिसरा, पुष्कळ. भरलेला कप्पा सरकत सरकत पेशीच्या बाहेरच्या पडद्याशी येतो, त्याच्याशी एकजीव होतो, आणि आतले गोळे बाहेर सांडतात. यांना पुटिका म्हणतात. या वाटेने बाहेर पडलेल्यांना एक्झोसोम. काही पुटिका एवढा आडवळणाचा प्रवास न करता थेट बाहेरच्या पडद्यावरच फुगून सुटतात, त्या अंगाने जरा मोठ्या असतात. एक्झोसोमचा व्यास ३० ते १५० नॅनोमीटर. एका केसाच्या जाडीत ते शेकड्यांनी ओळीत बसतील. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाने ते दिसत नाहीत, कारण ते प्रकाशाच्या लहरींपेक्षाही लहान आहेत.

तुमच्या लाळेत ते आहेत, रक्तात आहेत, आईच्या दुधात असतात. रक्तात सोडलेली पुटिका फार टिकतही नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत बहुतेक पुटिका काही मिनिटांत रक्तातून नाहीशा होतात, त्यांतल्या पुष्कळ यकृत उचलतं. म्हणजे हे वाचायला सुरुवात केली तेव्हा तुमच्या रक्तात ज्या होत्या त्यांतल्या बऱ्याच आता संपल्या असतील, आणि त्यांच्या जागी नव्या आल्या असतील. यावर थोडं रेंगाळा. शरीर म्हणजे काहीतरी भरीव, ठाम आहे असं आपण धरून चालतो. जवळून पाहिलं तर त्यात सोडणं आणि उचलणं सतत चालू आहे.

माणसांना हे उशिरा कळलं. १९६७ साली पीटर वुल्फ यांना रक्तातल्या प्लेटलेट्सपासून सुटलेले बारीक कण आढळले, तेव्हा त्यांनी त्यांना प्लेटलेटची धूळ म्हटलं. १९८३ साली मॉन्ट्रियलमध्ये रोझ जॉनस्टोन आणि त्यांचे सहकारी मेंढीच्या कोवळ्या तांबड्या पेशी पाहत होते. अशी पेशी पक्व होते तेव्हा तिला लोह आत ओढणाऱ्या एका प्रथिनाची गरज उरत नाही. ते प्रथिन ती पुटिकांत भरून बाहेर टाकते. त्याच सुमारास अमेरिकेत सेंट लुइसच्या संशोधकांना उंदराच्या जातीच्या प्राण्यात तेच दिसलं. निष्कर्ष सरळ होता: नको ते बाहेर. पुढची कित्येक वर्षं बहुतेकांच्या लेखी पुटिका म्हणजे पेशीचा केर होता. १९९६ साली ग्रासा रापोसो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रतिकार करणाऱ्या बी पेशींनी सोडलेल्या पुटिका टी पेशींना चेतवू शकतात. २००७ साली स्वीडनमधून बातमी आली की पुटिकांत आरएनए असतो, तो दुसऱ्या पेशीत पोचतो आणि तिथे त्यावरून प्रथिन तयार होऊ शकतं. केर म्हणून बाजूला सारलेल्या गोष्टीत मजकूर निघाला.

वनस्पतीही पुटिका सोडतात, जिवाणूही सोडतात. नाशिक म्हटलं की द्राक्षं आलीच, म्हणून सांगतो: २०१३ साली अमेरिकेतल्या लुइव्हिलच्या संशोधकांनी द्राक्षातून अशा पुटिका काढून उंदरांना दिल्या, तेव्हा त्यांच्या आतड्यातल्या मूळ पेशींना चालना मिळाली आणि आतड्याचा दाह कमी झाला. प्रयोग उंदरांवरचा, आणि आतड्याच्या दाहापुरता. पिंपळगावच्या द्राक्षांनी कॅन्सर बरा होतो असा निरोप उद्या फोनवर आलाच तर तो पुढे ढकलू नका, एवढी विनंती.

एकच दाखला घेऊ, आपल्या गावातला. नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस आहे. १९२६ पासून देशाची टपाल तिकिटं तिथे छापली जात आली आहेत, पासपोर्टही तिथलेच. पाकिटाच्या आत काय आहे हे वाटेत कोणी वाचत नाही. वरचं तिकीट आणि वरचा पत्ता पाहून ते पुढे जातं. पुटिकेचंही थोडं तसंच. तिचं वेष्टन आईपेशीच्या पडद्याचं असतं, त्यामुळे आईपेशीच्या अंगावरची प्रथिनं तिच्याही अंगावर असतात. ती कुठे चिकटेल, कोण तिला आत घेईल, हे पुष्कळदा त्यांवर ठरतं. न्यू यॉर्कमधल्या डेव्हिड लायडन यांच्या गटाने २०१५ साली हे ट्यूमरच्या पुटिकांबाबत दाखवलं: वेष्टनावर इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांची एक जोडी असेल तर पुटिका फुप्फुसात जाऊन बसतात, दुसरी जोडी असेल तर यकृतात. कॅन्सरच्या पेशी तिथे नंतर येतात; जागा आधी तयार झालेली असते.

दाखला इथेच सोडू. टपालामागे पाठवणारा असतो, त्याच्या मनात काही असतं. पेशीला मन नाही, हेतू नाही, कपट नाही. पुढचा भाग वाचताना हे धरून ठेवा, नाहीतर ट्यूमरला आपण खलनायक करून टाकू आणि मनन तिथेच संपेल.

आता जीभ थांबवा. तुमच्या गालात ती जिथे टेकली आहे, त्याच जागी कोणीतरी रोज तंबाखूचा बार भरतं. तळहातावर चुन्याशी मळून, किंवा आयत्या पुडीतून. घरातली एखादी आजी सकाळी मशेरी लावते आणि बराच वेळ तोंडात तशीच राहू देते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. ती कशी पाळली जाते हे कोणत्याही बसस्टँडच्या भिंतीवर वाचता येतं. भारतातल्या पुरुषांत सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर ओठाचा आणि तोंडाचा आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात, जे १९४१ साली सुरू झालं, वसंत रामजी खानोलकर यांनी लोकांच्या सवयी आणि तोंडाचा कॅन्सर यांची सांगड घालण्याचं काम फार लवकर हाती घेतलं. तंबाखू कुणी कशी खातं, तोंडात कुठे धरून ठेवतं, असे साधे प्रश्न होते त्यांचे. वैद्यकात साधे प्रश्न विचारणारा माणूस मला नेहमी मोठा वाटतो.

वर्षानुवर्षं त्या जागी राहिलेल्या विषाने एका पेशीच्या जनुकांत बदल होतो. मग आणखी एक. अशी पेशी वाढायचं थांबत नाही. पण ती परकी नाही. तुमचीच आहे, तुमच्याच थरात जन्मलेली. पुटिका सोडायची रीतही तीच, फक्त ती बऱ्याचदा जास्त सोडते.

एक टी पेशी, म्हणजे प्रतिकार करणारी एक पांढरी पेशी, तिथे येते. ट्यूमरच्या पेशीच्या अंगावर प्रथिनांचे बारीक तुकडे मांडलेले असतात. टी पेशी ते चाचपून पाहते. एक तुकडा तिला खटकतो. ती चेतते आणि इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडते. या रसायनाचा आजूबाजूच्या पेशींना अर्थ असा की इथे काहीतरी बिघडलं आहे.

इथे अगदी सावकाश जा. ट्यूमरच्या पेशीपर्यंतही ते रसायन पोचतं, आणि ती उत्तर देते. ती आपल्या अंगावर पीडी-एल-१ नावाचं प्रथिन वाढवते. टी पेशीच्या अंगावर पीडी-१ आहे. जपानमध्ये तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली ते सापडलं, आणि पुढे २०१८ साली त्यांना नोबेल मिळालं. दोन्ही जुळली की टी पेशीला एक साधी सूचना मिळते: पुरे. ती मंदावते. खटकलेला तुकडा समोर असूनही मंदावते. म्हणजे टी पेशी जितकी मोठ्याने बोलते तितकी तिला गप्प करणारी गोष्ट वाढते. तिच्याच बोलण्याने वाढते.

पूर्वी वाटायचं, हे सगळं अंगाला अंग लागल्यावरच होतं. २०१८ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या वेई गुओ यांच्या गटाने मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये दाखवलं की पीडी-एल-१ पुटिकांच्या वेष्टनावर बसूनही बाहेर पडतं, आणि इंटरफेरॉन गॅमा मिळालं की या पुटिकांवर ते आणखी वाढतं. मग ट्यूमरला टी पेशी गाठायची गरज उरत नाही. गालात गाठ असेल, टी पेशी रक्तात असेल किंवा मानेतल्या लसिका ग्रंथीत असेल. पुटिका तिच्यापर्यंत पोचते, वेष्टन तिच्या अंगाला लागतं, आणि ट्यूमर कधी न पाहिलेली टी पेशी मंदावते. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या थेरेसा व्हाइटसाइड यांच्या गटाने डोक्या-मानेच्या कॅन्सरचे रुग्ण पाहिले, म्हणजे आपल्याकडे ज्याचे रुग्ण सर्वाधिक त्याच प्रकारचे. त्यांच्या रक्तातल्या पुटिकांवर किती पीडी-एल-१ आहे आणि आजार किती बळावला आहे, यांचा संबंध त्यांना दिसला.

आणखीही सूचना या वेष्टनांवर असतात. काही टी पेशीला मरून जायला सांगतात. काही नैसर्गिक मारक पेशींचे खुणा ओळखणारे हात गुंतवून ठेवतात, मग खरी ट्यूमरपेशी समोर आली तरी त्यांना ती जाणवत नाही. मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी काही पुटिका गिळतात आणि मग त्या पेशींचं वागणं बदलतं. खायला आलेली पेशी ट्यूमरची चाकरी करू लागते. हे सगळं इथे उलगडत बसत नाही. टी पेशीचं पाहिलं तेवढं पुरे आहे.

श्वास येऊ द्या, जाऊ द्या. मग एक प्रश्न मनात धरा: टी पेशी ऐकते का? तिने दुर्लक्ष करावं की.

तिला ऐकावं लागतं, कारण ती सूचना ट्यूमरने शोधलेली नाही. ज्या उंदरांत पीडी-१ नसतं, त्यांची प्रतिकारशक्ती हळूहळू त्यांच्याच अवयवांवर उलटते. होंजो यांच्या गटाने अशा उंदरांत सांधे, मूत्रपिंड, हृदय बिघडताना पाहिलं. पुरे म्हणणारं कोणी नसेल तर साध्या तापानंतरही शरीर स्वतःला पोखरत राहील. आणि याहून जवळचं एक उदाहरण आहे. गर्भारपणात वार पुटिका सोडते. आईच्या दृष्टीने गर्भ अर्धा परका असतो, त्याची निम्मी प्रथिनं बापाकडची. वारेच्या त्या पुटिकांवर पीडी-एल-१ असतं, टी पेशीला मरायला सांगणारं प्रथिन असतं, मारक पेशींना गुंतवणाऱ्या खुणा असतात. वर ट्यूमरच्या पुटिकांवर पाहिल्या त्याच. तुम्ही आणि मी नऊ महिने आईच्या पोटात सुखरूप राहिलो, त्यात या सूचनांचाही वाटा होता.

म्हणून मला ते दुसऱ्या प्रकारचं ध्यान पटत नाही. १९७० च्या दशकात कार्ल सिमन्टन हे अमेरिकन डॉक्टर रुग्णांना डोळे मिटून कल्पना करायला सांगत: पांढऱ्या पेशी बलाढ्य आहेत, कॅन्सरच्या दुबळ्या, आणि बलाढ्य पेशी दुबळ्यांना संपवत आहेत. पुष्कळांना त्याने धीर आला असेल. पण त्याने आयुष्य वाढतं असं सिद्ध झालं नाही, आणि मागे एक दुखरी गोष्ट राहून जाते: गाठ वाढली तर रुग्णाला वाटतं, मीच कमी पडलो, माझीच कल्पना दुबळी होती. नातेवाईकही तेच ऐकवतात, "मन खंबीर ठेव, बरा होशील." आपण आत्ता करतो आहोत त्या मननानेही कुणाची गाठ विरघळणार नाही, तसा दावाही नाही. आजारी माणसाच्या टी पेशी भित्र्या नसतात. त्या ऐकतात, आणि ऐकणं हे त्यांचं कामच आहे.

आता बोटं जबड्याच्या कोपऱ्याखाली, मानेवर ठेवा. हलकेच. इथे लसिका ग्रंथी आहेत. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, ते अशाच ग्रंथींचं सुजणं. गालातून निघालेला पाझर आधी इथे येतो. ग्रंथीच्या कडेला काही मॅक्रोफेज बसलेले असतात. २०१६ साली मेलॅनोमाच्या उंदरांत दिसलं की हे मॅक्रोफेज ट्यूमरच्या पुटिका अडवून धरतात आणि आतल्या बी पेशींपर्यंत जाऊ देत नाहीत. त्यांची संख्या घटली की पुटिका आत शिरतात आणि बी पेशी ट्यूमरला पोषक वागू लागतात. आणि याच्या नेमकं उलटं टोक २००१ सालचं: ट्यूमरच्या पुटिकांत ट्यूमरची ओळख पटवणारी प्रथिनंही असतात, डेंड्रायटिक पेशींनी (याही प्रतिकारशक्तीच्याच) ती उचलली तर त्या टी पेशींना शिकवू शकतात, याला शोध, याला मार. तीच पुटिका गप्प करते आणि तीच घरचा पत्ता फोडते. कोण उचलतं, कुठे उचलतं, तेव्हा आजूबाजूला काय चाललं आहे, यावर ते अवलंबून. बोटं मानेवर आहेत तोवर ही दोन्ही टोकं एकत्र मनात ठेवून पाहा. एकाला सोडून दुसऱ्याकडे जाण्याचा मोह होतो.

पुटिकांच्या या गोष्टीत एक जुनं मराठी नाव येतं. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या. खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केलं, बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत राहून आल्या, आणि मुंबईला भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी जगवायच्या. त्यांना पोषक द्रव द्यायचा. ठरावीक दिवसांनी वापरलेला द्रव काढून टाकायचा आणि ताजा घालायचा. जगभर सगळ्या प्रयोगशाळांत हेच चालत असे. आज पुटिका अभ्यासणारे नेमका तो काढून टाकायचा द्रव जपून ठेवतात, प्रचंड वेगाने फिरवतात आणि तळाशी बसलेला थर उचलतात. तो जो ओतून देत होते, त्यात पेशींचं सगळं बोलणं होतं.

नाशिकहून पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईला जाणाऱ्यांत नोकरदार जसे असतात तसे फाइल हातात घेतलेले लोकही असतात. दादरला उतरून परळला, टाटा मेमोरियलच्या वाटेला लागणारे. त्यांच्यासाठी पीडी-१ ही अमूर्त गोष्ट नाही. पीडी-१ झाकून टाकणारं औषध असतं, निव्होलुमॅब त्यांतलं एक. ते टी पेशीच्या अंगावर बसतं. मग पीडी-एल-१ ट्यूमरवरून येवो की पुटिकेवरून, जुळायला जागाच उरत नाही. औषध महाग, आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांच्या आवाक्याबाहेरचं. टाटा मेमोरियलमध्ये विजय पाटील, कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी डोक्या-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर एक तुलना केली, ती २०२३ साली प्रसिद्ध झाली. सगळ्यांना तोंडाने घ्यायची तीन स्वस्त औषधं. अर्ध्यांना जोडीला दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब. प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅमची असते. नुसत्या गोळ्यांवर वर्षाअखेर १६.३ टक्के रुग्ण हयात होते, थोडंसं निव्होलुमॅब मिळालेल्यांत ४३.४ टक्के. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचा. सत्तावन्न टक्क्यांना एवढ्यानेही वर्ष मिळालं नाही. ट्यूमरकडे सूचना एकच नसते, आणि आपण एकच झाकतो.

मग पुटिका सोडणंच बंद करणारं औषध का नाही? उंदरांत ते करून पाहिलेलं आहे. माणसात अडचण अशी की पुटिका सोडण्याची यंत्रणा गालातल्या निरोगी पेशीची, वारेची, मज्जेची आणि ट्यूमरची एकच. फक्त ट्यूमरचा हात धरेल असं काही अजून हाती नाही.

एवढ्यावर थांबता आलं असतं, पण वेई गुओ यांच्या त्या अभ्यासातलं एक निरीक्षण राहिलं. मेलॅनोमाच्या रुग्णांना पीडी-१ झाकणारं औषध सुरू करण्याआधीच ज्यांच्या रक्तात पीडी-एल-१ घेतलेल्या पुटिका खूप होत्या, त्यांना औषध कमी लागू पडलं. ते अपेक्षितच. पण औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ज्यांच्यात या पुटिका वाढल्या, त्यांच्यातच औषध लागू पडताना दिसलं. टी पेशी मोकळी झाली होती, पुन्हा इंटरफेरॉन सोडू लागली होती, आणि ट्यूमर नेहमीच्या रीतीने उत्तर देत होता, फक्त ते उत्तर आता कुठे जुळत नव्हतं. ही चाचणी अजून रोजच्या दवाखान्यात आलेली नाही. ती येईल तेव्हा रुग्णाच्या हातातल्या कागदावर पुटिका वाढल्याचा आकडा असेल, आणि तो चांगला की वाईट हे सांगण्याआधी डॉक्टरांना पाहावं लागेल की रक्त पहिल्या इंजेक्शनच्या आधी घेतलं होतं की नंतर.